खांब कोणाच्या दारात?

विजेवर चालणाऱ्या गाडीविषयी भारतातून येणारे प्रश्न आता मला पाठ झाले आहेत. एकदा चार्ज केली की किती चालते? बॅटरी किती वर्षे टिकते? बदलायची वेळ आली तर किती पैसे पडतात? पावसात शॉक बसत नाही ना? एका मामांनी तर घाट चढताना तिला दम लागतो का, असेही विचारले होते. प्रश्न वाजवी आहेत आणि त्यांना बऱ्यापैकी उत्तरेही आहेत. परंतु नेदरलँड्समध्ये २०२१ पासून अशी गाडी बाळगल्यावर माझ्या ध्यानात आले आहे, की ज्यावर बाकीचे सगळे अवलंबून असते तो प्रश्न कोणीच विचारत नाही. रात्री गाडी कोठे उभी करता?

प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. त्याच्या पोटात मात्र घर कोणाचे, भिंत कोणाची, रस्ता कोणाचा आणि परमुलखातून आलेल्या माणसाने त्यांपैकी काय मागावे, असे पुष्कळ काही दडलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मतभेद नोंदवायचा आहे त्यांची सोय होईल. विजेच्या गाड्यांचा प्रसार व्हावा म्हणून सरकारांनी गाडीच्या किमतीवर आणि करांवर ज्या सवलती दिल्या, त्या बहुतांशी माझ्यासारख्या बऱ्या पगाराच्या लोकांच्या खिशात गेल्या. ह्या देशाने खरे मोलाचे काम केले ते रस्त्याच्या कडेला साधे खांब रोवण्याचे. आणि नेमके तेच काम आता अडखळू लागले आहे.

पेट्रोलच्या गाडीला पत्ता लागत नाही. पंपावर जावे, पाच मिनिटांत टाकी भरावी, पैसे द्यावेत आणि निघावे. पंपवाला तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही पंपवाल्याला ओळखत नाही. घर स्वतःचे की भाड्याचे ह्याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. विजेच्या गाडीचे तसे नाही. माझ्या गाडीची बॅटरी ६० किलोवॉट-तासांच्या आसपासची आहे, म्हणजे आपल्याकडच्या वीजबिलाच्या भाषेत ६० युनिटांची. उन्हाळ्यात १०० किलोमीटरला १६-१७ युनिटे पुरतात; हिवाळ्यात थंडीमुळे आणि आतल्या हीटरमुळे तीच २०-२२ वर जातात. रस्त्यावरच्या खांबातून ताशी ११ युनिटे मिळतात, म्हणजे रिकामी गाडी भरायला पाच-सहा तास हवेत. महामार्गावर जलद चार्जर आहेत, तेथे अर्ध्या तासात बरेचसे काम होते. लांबच्या प्रवासाला ते उत्तमच. पण रोजच्यासाठी तेथे जाणे म्हणजे रोज हॉटेलात जेवणे. पोट भरते, पण परवडत नाही.

गाडी दिवसाचे बावीस-तेवीस तास उभीच असते. ह्या उभ्या वेळात तिने सावकाश वीज पीत राहावे, अशी मुळात ह्या तंत्राची रचना आहे. पेट्रोलची गाडी भटकी, तर विजेची गोठ्यातली. तिला दावण लागते. ज्याचे स्वतःचे घर आहे आणि दाराशी स्वतःची जागा आहे त्याचा प्रश्न तेथेच मिटतो. माझ्या ओळखीच्या अशा एका कुटुंबाने छपरावर सौर पट्ट्या बसवल्या आहेत आणि तासातासाला बदलणाऱ्या दराची वीज घेतली आहे. उन्हाळ्यातल्या लख्ख दुपारी, विशेषतः शनिवार-रविवारी, घाऊक बाजारातला दर शून्याच्याही खाली जातो. अशी वेळ इथे वर्षातून शेकडो तास येते. ते त्या वेळी गाडी लावतात आणि आपण इंधनाचा खर्च जवळजवळ विसरलो आहोत असे सांगतात. ते खरेच सांगतात. परंतु ही कथा गाडीची नसून घराची आहे, हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आम्ही भाडेकरू. पहिली तीन वर्षे आम्स्टरडॅमच्या दक्षिणेला लागून असलेल्या आम्स्टेलवेनमध्ये एका नव्या इमारतीत राहत होतो. खाली तळघर, तळघरात गाड्यांची सोय आणि तीत करारनाम्यात नमूद केलेली, क्रमांक रंगवलेली आमची जागा. मागच्या भिंतीवर दिवा होता, म्हणजे वीज तिथवर आलेली होती. तेथे स्वखर्चाने चार्जर बसवू द्यावा असे मी घरमालकाला लिहिले. त्याचे उत्तर सौजन्याचे होते: माझी हरकत नाही, मालकसंघाला विचारा. मालकसंघ म्हणजे आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीचे डच भावंड. मालकसंघाने कळवले की भाडेकरूचा अर्ज विचारात घेता येत नाही, मालकाने करावा. मालकाने तो केला. विषय सभेपुढे आला तोवर २०२३ चा उन्हाळा उलटून गेला होता.

त्या उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २५ जुलैच्या रात्री ‘फ्रीमँटल हायवे’ नावाचे गाड्या वाहून नेणारे प्रचंड जहाज जर्मनीच्या ब्रेमरहाफेन बंदरातून निघून इजिप्तकडे जात असताना डच किनाऱ्यालगत, आमेलांड बेटाच्या उत्तरेला पेटले. जहाजावर ३,७८३ गाड्या होत्या, त्यांतल्या ४९८ विजेच्या. २३ जणांच्या ताफ्यातले बहुतेक भारतीय होते. आग इतक्या झपाट्याने पसरली की कित्येकांना उंच डेकवरून समुद्रात उड्या घ्याव्या लागल्या. एक भारतीय खलाशी ह्या दुर्घटनेत मरण पावला. आग विजेच्या गाडीपासून लागल्याची शक्यता पहिल्या काही तासांतच बातम्यांमधून देशभर पोचली आणि पुढचा आठवडाभर दूरचित्रवाणीवर ते धुमसणारे जहाज दिसत राहिले. ऑगस्टमध्ये ते ओढून एम्सहाफेन बंदरात आणल्यावर उद्धारकार्य करणाऱ्या कंपनीने सांगितले, की खालच्या मजल्यांवरच्या हजारेक गाड्या वरकरणी शाबूत आहेत आणि त्यांत सुमारे ५०० विजेच्या आहेत. म्हणजे जवळजवळ सगळ्याच. ही दुसरी बातमी पहिलीइतकी दूर गेली नाही. अशा बातम्या जात नाहीत.

आमच्या मालकसंघाच्या सभेत भाडेकरूला प्रवेश नसल्याने मी तेथे नव्हतो. घरमालकाने नंतर सांगितले त्यावरून, चर्चा चार्जरची न होता जहाजाचीच झाली. विमा कंपनी काय म्हणेल, अग्निशमन दल तळघरात कसे उतरेल, हप्ता वाढला तर तो कोणी भरायचा. ठराव नामंजूर झाला. ही भीती निव्वळ अडाणीपणाची होती असे मी म्हणणार नाही. विजेच्या गाडीची बॅटरी एकदा पेटली की विझवणे कठीण असते, पाणी फार लागते, विझल्यासारखी वाटणारी आग पुन्हा भडकते आणि बंदिस्त तळघरात हे सगळे अधिकच अवघड होते. पण मग त्या तळघरात विजेच्या गाड्या उभ्या करण्यावर बंदी हवी होती. ती घातली नाही. आमची आणि इतर तीन-चार जणांची गाडी तेथेच उभी राहत होती. फक्त तिला वीज द्यायची नाही एवढेच ठरले. जागा आमची, भिंत त्यांची. सभेत त्या मेलेल्या खलाशाचा विषय निघाला होता का, हे मी घरमालकाला विचारले नाही.

२०२४ मध्ये आम्ही तेथून हललो. नवे घर खरे तर जुने: १९३० च्या सुमाराच्या विटांच्या घरांची ओळ, अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, कोणाचीच स्वतःची जागा नाही. तळघर सोडून रस्त्यावर आलो आणि तेथे, जिथे अपेक्षा नव्हती तिथे, वीज मिळाली.

ह्या देशाचे एक बरे आहे. शहरे दाट, घरे एकमेकांना चिकटलेली आणि बहुसंख्य गाड्या सार्वजनिक रस्त्यावर रात्र काढणाऱ्या, ही वस्तुस्थिती त्यांनी सुरुवातीलाच मान्य केली. २००९ मध्ये वीजवाहिन्यांचे जाळे सांभाळणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक प्रतिष्ठान काढले आणि गावोगावी रस्त्यांवर खांब रोवायला सुरुवात केली. तेव्हा रस्त्यावर विजेच्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच; खांबाशेजारून जाणारे लोक हसत असत म्हणे. खांब आणि त्यांना चालवणारा संगणक ह्यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे ह्याचा नियमसंच त्याच प्रतिष्ठानाने घडवला आणि तो सर्वांना खुला केला. आज तो जगभर वापरला जातो. त्यामुळे खिशात एक कार्ड असले की देशातल्या बहुतेक कोणत्याही खांबावर काम होते, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. ज्यांनी इतरत्र चार चार्जरांसाठी चार ॲपे उतरवून घेतली आहेत त्यांना ह्याचे मोल वेगळे सांगायला नको. अर्थात, एकाच खांबावर दोन कार्डांना दोन दर लागू शकतात, हा डच व्यापारी बुद्धीचा भाग वेगळा.

डचमध्ये ह्या खांबाला ‘लादपाल’ म्हणतात. ‘लादन’ म्हणजे भरणे, चढवणे. मराठी ‘लादणे’शी त्याचे साम्य पाहून मला प्रथम मौज वाटली; नाते बहुधा काही नसावे, निव्वळ योगायोग असेल. व्युत्पत्तीच्या जाणकारांनी प्रकाश टाकावा. खांबाला केबल नसते, नुसती दोन तोंडे असतात. केबल ज्याची त्याने गाडीत बाळगायची. भर पावसात, अंधारात, ओल्या केबलचे वेटोळे सोडवताना जो चिखल बाह्यांना लागतो त्याचा उल्लेख गाडीच्या जाहिरातीत नसतो.

नव्या रस्त्यावर खांब नव्हता. इथे एक पद्धत आहे: ज्याच्याकडे विजेची गाडी आहे आणि स्वतःची जागा नाही, त्याने नगरपालिकेकडे मागणी करायची, चालत जाण्याच्या अंतरात खांब नसेल किंवा असलेला फार गजबजलेला असेल तर पालिका नवा बसवून घेते. खर्च अर्जदाराला पडत नाही. अर्जात चार रकाने होते. नोंदणीकृत पत्ता, गाडीचा क्रमांक, पार्किंगचा परवाना, आणि खासगी जागा आहे का, हो किंवा नाही. नागरिकत्वाचा रकाना नव्हता. घर मालकीचे की भाड्याचे हाही नव्हता. परदेशात राहणाऱ्या माणसाला अर्ज भरताना कोणत्या रकान्यापाशी छातीत धडधडते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या दोन गैरहजर रकान्यांचे महत्त्व कळेल. तळघरात मला विचारले गेले होते, तू कोण? रस्त्यावर एवढेच विचारले, तू राहतोस कुठे?

परवानगी मात्र चुटकीसरशी मिळाली नाही, आणि मिळू नये असेच माझे मत आहे. रस्त्यावरच्या दोन जागा केवळ चार्जिंगसाठी राखून ठेवायच्या म्हणजे त्या बाकीच्यांकडून काढून घ्यायच्या. त्यासाठी पालिकेला रीतसर वाहतूक-आदेश प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर सहा आठवडे हरकत घेता येते. आमच्या समोरच्या घरातल्या आजींनी ती घेतली. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखणारे, दाराशी एक जुनी छोटी पेट्रोलची गाडी. प्रस्तावित खांब त्यांच्या खिडकीसमोर येत होता. हरकत पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्या स्वतः आमच्या दारी आल्या आणि उद्या मी तुमच्या खांबाविरुद्ध लिहिणार आहे, तुमच्याविरुद्ध नाही, असे सांगून गेल्या. डच स्पष्टवक्तेपणाबद्दल आपल्या मंडळींत पुष्कळ थट्टा चालते; त्या संध्याकाळी मला तो फार सभ्य वाटला.

त्यांचे म्हणणे बरोबर होते. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या म्हातारीने आपल्या दारासमोरची जागा सोडायची आणि ती कोणाला, तर चाळिशीतल्या, धडधाकट, चांगल्या पगाराच्या माणसाला! पर्यावरणाच्या नावावर हे खपवणे सोपे आहे, म्हणूनच ते खपवू नये. पालिकेने खांब रस्त्याच्या टोकाला, एका आंधळ्या भिंतीलगत हलवला. सात महिने लागले. आता मी पावसात नव्वद-एक मीटर चालतो. हा तोडगा निघाला ह्याचे कारण प्रश्न रस्त्याचा होता आणि रस्त्याच्या प्रश्नात आजींनाही तोंड होते, मलाही. तळघरात दोघांपैकी एकालाच तोंड होते.

खांब आला की त्याच्याभोवती एक लहानसे गावही वसते. भाषेत नवे शब्द येतात. ‘लादपालक्लेव्हर’ हा त्यांतला माझा आवडता. ह्याचा इंग्रजी हुशारीशी संबंध नाही. ‘क्लेव्हर’ म्हणजे चिकटणारा. गाडी भरून झाली तरी खांबाला गोचिडासारखी चिकटवून ठेवणारा तो लादपालक्लेव्हर. त्याच्यासाठी काही ठिकाणी तासाला दंडासारखा जादा दर लावतात. आमच्या रस्त्यावर व्हॉट्सॲपचा गट आहे आणि तेथे रात्री साडेनऊला ‘कोणाची निळी गाडी ९८ टक्क्यांवर आहे?’ अशी सौम्य चौकशी होते. पुण्यामुंबईच्या पाण्याच्या टँकरभोवती वाढलेल्यांना ह्यात नवे काही नाही. पण येथे चार वर्षे राहून ज्या शेजाऱ्यांची नावे कळली नव्हती, ती ह्या गटामुळे कळली हेही खरे.

आता पैशांकडे येतो. डच सरकारने सवलती भरपूर दिल्या. कंपनीची गाडी खासगी कामाला वापरली तर तिच्या किमतीचा काही टक्के भाग उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. इतर गाड्यांना हा भाग २२ टक्के असताना विजेच्या गाड्यांना २०१९ पर्यंत ४ टक्के होता. परिणाम असा, की २०१९ मध्ये ह्या काटकसरी देशात सर्वांत जास्त खपलेली नवी गाडी टेस्ला मॉडेल ३ ही ठरली. त्याआधीची गंमत प्लग-इन हायब्रिडांची. २०१३ च्या अखेरपर्यंत त्यांना जवळजवळ पूर्ण करमाफी होती. वर्षाच्या शेवटी लोकांची झुंबड उडाली, आणि करार संपून परत आलेल्या काही गाड्यांत चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या वेष्टनात जशीच्या तशी सापडे, असे सांगितले जाते. ज्यांना फक्त कर वाचवायचा होता त्यांनी तो वाचवला आणि पेट्रोल जाळले. वापरलेली गाडी घेताना मलाही सरकारने २,००० युरो दिले. नाकारले नाहीत. पण त्या पैशांवाचून मी गाडी घेतली नसती असे मुळीच नाही. माझ्या २,००० युरोंचा आजींना काही उपयोग नाही. रस्त्याच्या टोकाचा खांब मात्र उद्या ज्याच्याकडे गाडी असेल त्याचा आहे.

इतर देशांनी ह्याच प्रश्नाची उत्तरे वेगळी दिली आहेत. कॅलिफोर्नियात जुलै २०१५ पासून नव्या वा नूतनीकरण केलेल्या करारांपुरता असा कायदा आहे, की भाडेकरू स्वखर्चाने चार्जर बसवू म्हणाला तर घरमालकाने सहसा नकार देऊ नये. आमच्या तळघरात असा कायदा असता तर मी आनंदाने उडालो असतो. तरीही तो हक्क लंगडा वाटतो. खर्च भाडेकरूचा, आणि दोन वर्षांनी घर सोडले की चार्जर भिंतीला चिकटलेला मागे राहणार. ब्रिटनमध्ये तर वर्षानुवर्षे घरात भरलेल्या विजेवर ५ टक्के आणि रस्त्यावर भरलेल्या त्याच विजेवर २० टक्के मूल्यवर्धित कर घेतला गेला; ज्याला अंगण नाही त्याला अंगण नसल्याचा दंड. आपल्याकडच्या लेखांतून नॉर्वेचे उदाहरण हटकून येते. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के विजेच्या होत्या, हे खरेच. पण स्वस्त जलविद्युत, तेलाचा पैसा, आणि पुष्कळांची स्वतःची घरे व दाराशी जागा, हे तिन्ही जमून आलेले देश जगात किती? नॉर्वेकडून इतरांनी शिकण्यासारखे मला फारसे दिसत नाही.

नेदरलँड्सचा खांब मात्र सध्या संकटात आहे. वीजवाहिन्या अपुऱ्या पडत आहेत. देशाच्या मोठ्या भागात नव्या मोठ्या जोडण्यांसाठी कारखाने आणि शाळा रांगेत उभ्या आहेत. आम्स्टरडॅममध्ये संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत खांबांचा वेग आपोआप कमी केला जातो आणि रात्री वाढवला जातो. सकाळी गाडी भरलेली मिळाली की कोणाची तक्रार नसते. हा चांगला उपाय आहे. उत्रेख्त शहरात २०२५ पासून भाड्याने मिळणाऱ्या काही सामायिक गाड्या खांबातून वीज घेतात तशी गरजेच्या वेळी जाळ्याला परतही देतात. पण ह्याच काळात विजेच्या गाड्यांची रस्ताकराची माफी आटू लागली आहे. २०२४ अखेर ती पूर्ण होती, २०२५ मध्ये चौथा हिस्सा भरावा लागला, आणि हा कर वजनावर असल्याने बॅटरीचे ओझे आता खिशालाही जाणवेल. सौर वीज जाळ्याला देऊन तेवढीच फुकट परत घेण्याची सोय १ जानेवारी २०२७ पासून संपते. ह्यातून असे होईल की ज्याला छप्पर आहे तो दुपारची वीज जाळ्यात न सोडता स्वतःच्या गाडीत भरेल. त्याने तसे करावे, जाळ्यावरचा ताणही हलका होईल. फक्त त्यामुळे रस्त्यावरच्या खांबाची वीज आणि घरातली वीज ह्यांच्यातली दरी रुंदावेल. खांबाचा दर आजच घरच्या दराहून चढा आहे. तो आणखी चढला तर विजेची गाडी ही घरवाल्यांची चैन होऊन बसेल.

काही वाचक म्हणतील, सायकलींच्या देशात गाडी हवीच कशाला? आक्षेप रास्त आहे आणि तो ह्या देशात माझ्या आधी पन्नास वर्षे घेतला गेला आहे. १९६५ मध्ये आम्स्टरडॅमच्या प्रोव्हो चळवळीत, कुलूप नसलेल्या पांढऱ्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर ठेवाव्यात अशी योजना मांडणारे लुड स्खिमेलपेनिंक ह्यांनी पुढे ‘विटकार’, म्हणजे पांढरी गाडी, तयार केली. दोन माणसांची, तीन चाकांची, उंच काचेच्या डब्यासारखी, विजेवर चालणारी. १९७४ च्या मार्चमध्ये तिचे पहिले ठाणे सुरू झाले. सभासदाने किल्ली लावून गाडी घ्यायची, शहरातल्या दुसऱ्या ठाण्यावर नेऊन सोडायची, तेथे ती आपोआप चार्ज होणार. पाच ठाणी आणि सुमारे पस्तीस गाड्या, ह्यापुढे योजना गेली नाही. नगरपालिकेने तिला हात दिला नाही आणि १९८६ मध्ये ती बंद पडली. गाडी बिचारी ताशी तीसच्या वेगाने ठीक चालत होती. तिला कमी पडली ती रस्त्यावरची जागा, आणि जागा पालिकेकडे होती. पुढे पालिकांनी हजारोंनी खांब रोवू दिले, पण ते खासगी गाड्यांसाठी. स्खिमेलपेनिंक ह्यांची कल्पना माझ्या गाडीपेक्षा शहाणी होती, ह्याबद्दल मला शंका नाही. पण आता खांब आहेत, आणि त्यांना कोणती गाडी लावायची हे अजून बदलता येते. तळघरातल्या भिंतीबद्दल तसे म्हणता येत नाही.

हे सगळे लिहिण्याला एक तात्कालिक कारण घडले. माझा धाकटा भाऊ पुण्यात बाणेरला एका सोसायटीत राहतो. आपल्याकडे चार्जिंगची सेवा देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे; म्हणजे सोसायट्यांना ती कायदेशीर अडचण नाही. त्यांच्या सोसायटीत तरीही दीड वर्षे वाद चालू आहे. समितीचा ताजा प्रस्ताव असा: ज्या सदनिकाधारकाला हवे त्याने आपल्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत स्वखर्चाने वायर ओढावी, समिती ना हरकत पत्र देईल. भावाने विचारले, भाडेकरूंचे काय? उत्तर आले, ते आज आहेत, उद्या नाहीत. दिवसभर विजेच्या स्कूटरवरून सोसायटीत सामान पोचवणारी जी मुले आहेत, त्यांच्यापैकी दोघे रात्री वॉचमनच्या खोलीतून एक्स्टेन्शन काढून स्कूटर लावतात, आणि तेही आता बंद करण्याचे प्रस्तावात आहे. आगीच्या धोक्यामुळे. त्या उघड्या एक्स्टेन्शनचा धोका खराच आहे; नीट खांब बसवला तर तो राहणार नाही. फाटकाबाहेरच्या पदपथालगत एक खांब मागावा असे भावाचे म्हणणे आहे, आणि महापालिकेकडे नेमके काय लिहायचे ते त्याने मला विचारले आहे. मी त्याला आमच्या इथल्या अर्जातले चार रकाने मराठीत करून पाठवले आहेत. सभा पुढच्या रविवारी आहे.